मॅग्डालेनाच्या धारेवर: लँगमुइर वादळ-प्रयोगशाळा आणि भोवतालच्या जंगलवाटा

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सोकोरो गावाच्या पश्चिमेला मॅग्डालेना नावाची डोंगररांग आहे. जुलै-ऑगस्टमध्ये या रांगेच्या माथ्यावर बहुतेक दुपारी गडगडाट होतो. तिथला वादळी ढग सहसा दुसरीकडून वाहत येत नाही. तो त्याच धारेवर जन्मतो, डोळ्यांदेखत वाढतो, तासाभरात विजा टाकू लागतो आणि संध्याकाळपर्यंत विरतो. वादळ गाठायला यंत्रं घेऊन मुलूखभर हिंडण्यापेक्षा ते जिथे आपणहून येतं तिथेच मुक्काम करावा, या विचाराने १९६३ साली साउथ बाल्डी शिखराजवळ, सुमारे ३,२४० मीटर उंचीवर, लँगमुइर प्रयोगशाळा बांधली गेली. न्यू मेक्सिको टेक हे सोकोरोतलं विद्यापीठ ती चालवतं.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे गेलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना डोंगर आणि आकाश दोन्हींचं वेड आहे, त्यांनी इथे जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. मात्र या सहलीचं नियोजन इतर सहलींसारखं करून चालत नाही. दिवस उलटा आखायचा. धारेवर पहिला गडगडाट साधारण कधी होईल ते आधी ठरवायचं, त्याच्या कितीतरी आधी धार सोडायची, आणि त्यावरून मागे मोजत पहाटे किती वाजता निघायचं ते काढायचं. सकाळ माणसांची, दुपार ढगांची. पुढचं सगळं याच हिशेबावर उभं आहे.

जाण्याआधी: इथे काय घडलं

थोडी माहिती घेऊन गेलात तर वरचे खांब, तारा आणि पत्र्याच्या खोल्या बोलू लागतात. नाहीतर ते नुसतं सामान दिसतं.

प्रयोगशाळेला नाव मिळालं ते अर्विंग लँगमुइर यांचं. १९३२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. आयुष्याच्या उत्तरार्धात ते ढगांकडे वळले. त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी १९४६ मध्ये कोरड्या बर्फाने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या थेंबांच्या ढगात हिमस्फटिक तयार करून दाखवले. त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा तोच गुण सापडला. कृत्रिम पावसाचे आजवरचे बहुतेक प्रयोग या दोन शोधांवर चालतात. लँगमुइरनी आपले काही प्रयोग न्यू मेक्सिकोत केले, आणि तिथे त्यांची गाठ पडली न्यू मेक्सिको टेकचे अध्यक्ष ई. जे. वर्कमन यांच्याशी. वर्कमन स्वतः विजेचे अभ्यासक होते. माथ्यावरची प्रयोगशाळा उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने.

हाच डोंगर का, याचं उत्तर भूगोलात आहे. भोवती कोरडं, उघडं पठार आणि मधे एकटी उंच रांग. सकाळचं ऊन उतारांवर पडलं की तिथली हवा तापून वर सरकते आणि दोन्ही बाजूंनी चढणारी हवा धारेवर एकमेकींना भेटते. तिथून ती सरळ वर जाते. ढगात विजेचा भार तयार होतो तो मुख्यतः उणे १० ते उणे २० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. तिथे मऊ गारा आणि हिमस्फटिक एकमेकांवर आदळतात, स्फटिक धन भार घेऊन वर जातात आणि जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. उन्हाळ्यात हा पट्टा प्रयोगशाळेच्या डोक्यावर जेमतेम तीन ते पाच किलोमीटरवर असतो. म्हणजे शास्त्रज्ञ जमिनीवर उभे राहूनच अर्ध्या वाटेपर्यंत पोहोचलेले असतात. उरलेल्या अंतरासाठी फुगे, विमानं आणि रॉकेट.

रॉकेटचा प्रयोग फार सुंदर आहे. धारेवर जमिनीखाली धातूने मढवलेली एक खोली आहे, तिला ‘किवा’ म्हणतात. बाहेर वीज कोसळली तरी धातूच्या पेटीच्या आत विद्युतक्षेत्र शिरत नाही, म्हणून आत बसलेली माणसं सुरक्षित राहतात. डोक्यावर भारलेला ढग आला की तिथून एक छोटं रॉकेट सोडतात. त्याच्यामागे बारीक तार उलगडत जाते. रॉकेट काहीशे मीटर वर गेलं की वीज त्या तारेच्या वाटेने खाली उतरते, तारेची वाफ होते, आणि पुढचे लोळ त्याच मार्गाने येतात. वीज कुठे पडणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे मोजमापाची यंत्रं शेजारीच मांडून ठेवता येतात.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो इथले शास्त्रज्ञ चार्ल्स मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वीजरोधकाचा, म्हणजे वीज स्वतःवर घेऊन जमिनीत सोडणाऱ्या दांड्याचा, प्रयोग. बेंजामिन फ्रँकलिनपासून अडीचशे वर्षं सगळे मानत आले की इमारतीवरचा वीजरोधक टोकदार असावा. मूर यांनी शिखरावर टोकदार आणि बोथट दांडे जवळजवळ रोवले आणि सात वर्षं वाट पाहिली. त्या काळात बोथट दांड्यांवर १२ वेळा वीज पडली, शेजारच्या टोकदार दांड्यांवर एकदाही नाही. सर्वांत सरस ठरला तो साधारण १९ मिलिमीटर व्यासाचा गोल टोकाचा दांडा. कारण असं की अणकुचीदार टोकाभोवती हवा फार लवकर भारित होते आणि तो भारच टोकावर पांघरूण घालतो. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. एका प्रश्नासाठी सात पावसाळे थांबायची तयारी ठेवणारी माणसं इथे काम करत होती, हे माथ्यावर उभं असताना आठवावं.

विजेचा त्रिमितीय नकाशा काढणारी यंत्रणाही न्यू मेक्सिको टेकच्याच मंडळींनी १९९० च्या दशकाच्या शेवटी घडवली. वीज ढगात पुढे सरकताना रेडिओ लहरी सोडते. मैलोन्मैल पसरलेल्या केंद्रांवर त्या लहरी नेमक्या कधी पोहोचल्या हे जीपीएसच्या घड्याळांनी मोजायचं आणि त्यावरून प्रत्येक ठिणगीची जागा काढायची. आज ही पद्धत इतर देशांतही वापरतात.

कधी जायचं

न्यू मेक्सिकोतही ‘मान्सून’ हाच शब्द चालतो, पण त्याने आपली फसगत होऊ देऊ नका. तिथे कोकणासारखी झड लागत नाही. तिथला जुलै आपल्या वैशाखातल्या वळवासारखा वागतो: सकाळी लख्ख ऊन, अकराच्या सुमाराला धारेवर पांढरे गड्डे, दुपारी काळोख, गारा, विजा, आणि संध्याकाळी पुन्हा मोकळं आकाश. हा काळ साधारण जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत.

वादळ बघायचं असेल तर जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट निवडा. नुसत्या जंगलवाटा चालायच्या असतील तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात सर्वोत्तम: विजांचा जोर ओसरलेला असतो आणि ॲस्पेनची झाडं पिवळी झालेली असतात. मे-जून कोरडे. त्या दिवसांत वणव्याच्या भीतीने वनखातं अनेकदा आग पेटवण्यावर बंदी घालतं, कधी जंगलात शिरायलाही मनाई असते. हिवाळ्यात वरच्या रस्त्यावर बर्फ असतं, तेव्हा भाड्याच्या गाडीने जायचा विचारच सोडा.

आधी पत्र पाठवा

लँगमुइर हे संग्रहालय नव्हे. दार उघडून माहिती सांगायला कुणी बसलेलं नसतं, आणि उन्हाळ्यात जे तिथे असतात ते कामात असतात. आत पाहायची इच्छा असेल तर काही आठवडे आधी न्यू मेक्सिको टेकला ईमेल लिहा. तुम्ही कोण, किती जण, कोणत्या तारखा चालतील, आणि काय पाहायचं आहे हे चार ओळींत सांगा. शाळेचा किंवा महाविद्यालयाचा गट असेल तर तेही लिहा, विद्यार्थ्यांसाठी माणसं वेळ काढतात. नकार आला तर तो मनावर घेऊ नका. प्रयोगाचे दिवस ढग ठरवतात.

दुसरा संपर्क सिबोला राष्ट्रीय वनाच्या मॅग्डालेना कार्यालयाशी. रस्ता उघडा आहे का, वाटांवर झाडं पडली आहेत का, आगीचे निर्बंध कोणते, हे तिथे कळतं. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा.

या डोंगराला १९८० च्या एका कायद्याने संशोधनक्षेत्राचा वेगळा दर्जा दिलेला आहे. म्हणून वर काही फाटकं आणि पाट्या दिसतील. फाटक बंद असेल तर तिथून मागे फिरायचं. रॉकेट आणि फुग्यांमुळे वरचं आकाशही प्रयोगाच्या काळात विमानांना बंद ठेवलं जातं, तेव्हा ड्रोन घरीच ठेवा.

सोकोरो ते धार

अल्बुकर्क विमानतळावरून दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर सोकोरो. मुक्काम इथेच करा. गाव १,४०० मीटरवर आहे. एक पूर्ण रात्र इथे काढली, आणि जमलं तर दुसरी २,००० मीटरवरच्या मॅग्डालेना गावात काढली, तर वर डोकेदुखीचा त्रास कमी होतो. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. प्रयोगशाळा जवळजवळ तिच्या दुप्पट उंचीवर, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो. सह्याद्रीत सराईतपणे चढणाऱ्यांनाही इथे दम लागतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या आई-बाबांना नेणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

सोकोरोतच पेट्रोलची टाकी भरा, पाणी भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि कागदी प्रतही ठेवा. माणशी किमान तीन लिटर पाणी, वाटेतल्या ओढ्यांवर भिस्त नको. मग हायवे ६० ने पश्चिमेकडे सुमारे २६ किलोमीटर गेलं की डावीकडे वॉटर कॅनियनचा फाटा लागतो. इथून वनखात्याचा रस्ता क्रमांक २३५ सुरू होतो. वॉटर कॅनियनच्या तळापर्यंत तो डांबरी आहे आणि कोणतीही गाडी सहज जाते.

त्यापुढचे सुमारे १३ किलोमीटर वेगळे. खडीचा कच्चा, अरुंद, चढा रस्ता, एका बाजूला दरी आणि कठडा नाही. उंच तळाची, चारही चाकांना जोर देणारी गाडीच न्या. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जायला अनेकदा मनाई असते, ते कलम आधी वाचा. जादा चाक खरोखर आहे का आणि त्यात हवा आहे का, ते खालीच बघा. चढताना समोरून ट्रक आला तर मागे घेता येईल अशी रुंद जागा लक्षात ठेवत जा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय दाबून आलात तर ब्रेक तापतात. आणि पाऊस सुरू झाल्यावर हा रस्ता चढायला घेऊ नका. घाटात गाडी चालवायची सवय असली तरी ओल्या खडीवरची उतरण ही निराळी गोष्ट आहे.

पायी चढायचं असेल तर

गाडीने वर जाणं सोपं, पण मला विचाराल तर पायी गेल्याशिवाय हा डोंगर कळत नाही. वॉटर कॅनियनच्या तळाजवळून कॉपर कॅनियनची वाट निघते. ती घळीतून, ओढ्याच्या काठाने चढत जाते, वर साउथ बाल्डीच्या वाटेला मिळते आणि धारेवर पोचवते. एका बाजूने साधारण दहा किलोमीटर आणि ११०० मीटरहून जास्त चढ. तालमीतल्या ट्रेकरला चढायला चार ते पाच तास लागतात, तेव्हा धारेवर सकाळी दहाला पोहोचायचं तर पहाटे पाचला, डोक्यावर टॉर्च लावून निघावं लागेल. उतरायला तीन तास धरा.

खाली पिन्यॉन पाइन आणि जुनिपरची खुरटी, वासाळ झाडी, मग उंच पॉन्डरोसा पाइन. सकाळचं ऊन लागलं की त्याच्या सालीजवळ नाक नेऊन बघा, गोडसर वास येतो. पुढे डग्लस फर आणि ॲस्पेनचे घोळके, आणि शेवटी झाडं विरळ होऊन गवताळ माथा. एका सकाळीत वनस्पतींचे इतके थर ओलांडायला मिळतात. खालच्या ओकच्या पट्ट्यात एकॉर्न वुडपेकर दिसतो: हा सुतारपक्षी झाडाच्या खोडात शेकडो भोकं पाडून प्रत्येकात ओकचं एकेक फळ ठोकून बसवतो. पक्षी बघणाऱ्यांनी पहिला तास घळीतच काढला तरी चालेल.

या जंगलात काळी अस्वलं आहेत. थालीपीठ, धपाटे, चिवडा जे काही बरोबर असेल ते घट्ट डब्यात ठेवा, तंबूत ठेवू नका, आणि मोकळ्या गाडीच्या सीटवरही नको. चालताना आवाजात बोलत राहा. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं.

ज्यांना एवढा चढ झेपणार नाही त्यांनी कॉपर कॅनियनच्या वाटेवर पहिले दोन-तीन किलोमीटर जाऊन परत यावं. सावली आहे, चढ सौम्य आहे, मुलंही रमतात. पावसाळी दुपारी मात्र घळीत बसून राहू नका. माथ्यावर पाऊस झाला की कोरडा दिसणारा ओढा थोड्या वेळात लोंढा होऊन येतो, आणि तेव्हा तुमच्या डोक्यावर कदाचित ऊनच असेल.

धारेवरून उत्तरेकडे नॉर्थ बाल्डीला जाणारी वाट अतिशय देखणी आहे, गवताळ सोंडेवरून दोन्हीकडचं पठार दिसत राहतं. पण ती बरीचशी उघडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ती मी कुणालाच सुचवणार नाही, शरदात जा.

धारेवर पोहोचल्यावर

साउथ बाल्डीचा माथा ३,२८७ मीटर. तिथून पूर्वेला रिओ ग्रान्दे नदीचं खोरं, पश्चिमेला सॅन ऑगस्टिनचं सपाट पठार. धारेवरच मॅग्डालेना रिज वेधशाळा आहे, तिची २.४ मीटरची दुर्बीण लघुग्रह आणि उपग्रहांचा माग घेते. प्रयोगशाळेची मुख्य इमारत, रस्त्याकडेची उपकरणं, किवाचा उंचवटा हे बाहेरून दिसतं.

जमिनीवर पडलेल्या केबलींना, खांबांना, पेट्यांना हात लावू नका, त्यांवरून उड्याही नकोत. विद्युतक्षेत्र मोजणारं यंत्र शेजारी उभ्या राहिलेल्या माणसामुळेही चुकीचं वाचन देतं, तेव्हा फोटो दुरून काढा. परवानगी मिळून आत जायला मिळालं तर दोन गोष्टी आवर्जून विचारा: जमिनीजवळचं विद्युतक्षेत्र दिवसभरात कसं बदलतं त्याचा आलेख, आणि एखाद्या विजेचा त्रिमितीय नकाशा. आपल्याला दिसणारा लोळ हा संपूर्ण विजेचा लहानसा भाग असतो; तिच्या फांद्या ढगात आडव्या कित्येक किलोमीटर पसरलेल्या असतात.

वीज: इथे तडजोड नाही

घड्याळात अकरा वाजले की धार सोडायची, आकाश निळं असलं तरी. फुलकोबीसारखे कडक कडांचे ढग धारेवर उभे राहताना दिसले तर अकराचीही वाट बघू नका. अशा ढगाला विजेपर्यंत पोहोचायला अर्धा-पाऊण तासही पुरतो. आणि ही धार तर विजेसाठीच निवडलेली आहे.

लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. मात्र हे मोजमाप अजून किती वेळ थांबता येईल हे ठरवण्यासाठी वापरू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस पडत नसला तरी वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास थांबल्याशिवाय उघड्यावर यायचं नाही.

बंद काचांची, पत्र्याच्या टपाची गाडी हा धारेवरचा सर्वांत चांगला आसरा. आत बसून दाराच्या धातूला टेकू नका. गाडी जवळ नसेल तर धारेवरून खाली उतरत राहा, हाच खरा उपाय. एकट्या झाडाखाली, खडकाच्या कपारीच्या तोंडाशी, कुंपणाजवळ थांबायचं नाही. विजेने जखमी होणाऱ्यांपैकी बहुतेकांवर ती थेट पडलेली नसते, ती जमिनीतून पसरत येते. म्हणून गटातल्या लोकांनी एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर अंतर ठेवून उतरावं, म्हणजे एकाला धक्का बसला तर दुसरा मदतीला उरतो. उकिडवं बसल्याने जीव वाचेल यावर विसंबू नका. केस उभे राहिले, काठीचं टोक गुणगुणू लागलं, तर क्षणही न दवडता खाली पळा.

कुणावर वीज पडलीच तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास किंवा नाडी नसेल तर लगेच छाती दाबून पुनरुज्जीवन सुरू करा आणि ९११ ला फोन लावा. डोंगरात फोन लागेलच असं नाही, म्हणून प्रथमोपचाराचं हे शिक्षण निघण्याआधी गटातल्या दोघांनी तरी घ्यावं. भारतात आपण पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप बघतो. ते इथे उपयोगाचं नाही, अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज सकाळी वाचून निघा.

दुपार: वादळ बघायची खरी जागा

बारापर्यंत (पायी गेला असाल तर दोनपर्यंत) खाली उतरलात की गाडी पश्चिमेकडे घ्या. मॅग्डालेना गावात जेवा आणि पुढे सॅन ऑगस्टिनच्या पठारावर जा. सोकोरोपासून सुमारे ८० किलोमीटरवर व्हेरी लार्ज अॅरे ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ अँटेना, रुळांवर सरकणाऱ्या. तिथे माहितीकेंद्र आहे आणि चालत बघायची वाट आहे. तुमचे फोन एअरप्लेन मोडवर टाकायला सांगतील, कारण त्यांची कुजबुजही अँटेनांना आकाशातल्या हाकेहून मोठी ऐकू येते.

मग पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, गाडी हाताशी ठेवून. दुपारचा सूर्य तुमच्या पाठीशी, आणि समोर सकाळी तुम्ही जिथे उभे होतात त्या धारेवर दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत गेलेला ढग. माथा ऐरणीसारखा पसरलेला, तळ निळाकाळा, खाली पावसाचे पडदे, त्यांतले काही जमिनीला पोहोचण्याआधीच सुकणारे. दुर्बीण असेल तर ढगाची बाजू बघा, ती वर चढताना स्पष्ट दिसते. फोटोसाठी तिकाटणं लावून लांब एक्स्पोजर संध्याकाळी घ्या. पठारावरही वादळ सरकून येऊ शकतं, तेव्हा गडगडाट कानावर आला की इथेही गाडीत बसायचं.

परतताना वॉटर कॅनियनच्या फाट्यावरून पुन्हा आत वळू नका. ओढे उतरायला रात्र लागते. वनखात्याला सकाळी फोन करून रस्ता वाहून गेला नाही ना ते विचारा, आणि मगच दुसऱ्या चढाईची वेळ ठरवा.